मुकादमाला ना हरकत

माणूस हरकत घेतो म्हणजे त्याला कुठला तरी कागद हवा असतो, आणि तो कागद आणून दिला की हरकत मिटते, असं केशवराव टेंभुर्ण्यांचं ठाम मत होतं. कालवे विभागाच्या कचेरीत बावीस वर्षं काढल्यावर दुसरं मत होण्याची सोयही नव्हती. ते हेडक्लार्क होते. अक्षर मोत्यासारखं, फायली बाइंडिंग केल्यासारख्या. साहेबांच्या टेबलावर त्यांची टिप्पणी गेली की साहेब वाचत नसत, नुसती सही करत, आणि केशवराव याला आपला गौरव समजत.

तर ब्याऐंशी सालच्या मार्चात त्यांच्या घरमालकाने, बाबूलालने, खोल्या मागितल्या. पोराचं लग्न ठरलं होतं. बाबूलाल धान्याचा व्यापारी, माणूस वाईट नव्हता. "टेंभुर्णेजी, आराम से देखो, कोई जल्दी नहीं," असं म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी रंगारी घेऊन आला. रंगारी पेटीभोवती, कपाटाभोवती, एकदा तर खाटेवर पडलेल्या केशवरावांभोवती भिंत रंगवून गेला. घर सोडल्यावर केशवराव ज्या कोपऱ्यात बसत तो कोपरा तेवढा जुन्या रंगाचा राहणार होता.

"आता भाड्याचं नको जी," विमलाबाई म्हणाल्या. "बारा वर्षांत चार घरं झाली. आता आपलंच घ्या."

आपलं घर म्हणताच केशवरावांच्या मनात पहिल्यांदा आली ती फाईल. घराची फाईल. त्यांनी त्याच दुपारी कचेरीत नवा पुठ्ठा मागवला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात 'गृह' असं लिहिलं.

घरही लगेच मिळालं, हे विशेष. कारध्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुखनिवास नावाची गृहनिर्माण संस्था होती. चौदा घरं, मधोमध एक दगडी बांधणीची सार्वजनिक विहीर, आणि विहिरीभोवती कडुलिंब. त्यातलं सात नंबरचं घर गोमाजी नावाच्या रिटायर्ड तलाठ्याचं. मुलगा भिलाईला नोकरीला, म्हाताऱ्याला तिकडे जायची घाई. दोन खोल्या, रांधणीघर, वर कवेलू, खाली फरशी, आणि अंगणात लिंबाचं झाड. विमलाबाई झाडाकडे पाहून म्हणाल्या, "मुकादमाले सावली होईन."

मुकादम म्हणजे कुत्रा. हे आधी सांगायला हवं होतं. नऊ वर्षांपूर्वी कालव्याच्या खोदकामावर एक तांबडं पिल्लू मजुरांच्या मागे मागे फिरे, कुणी टेकलं की त्याच्यासमोर उभं राहून बघत बसे. स्वतः काम करायचं नाही, फक्त दुसऱ्यांच्या कामावर नजर ठेवायची, म्हणून मजुरांनी त्याला मुकादम नाव दिलं. केशवराव तपासणीला गेले तेव्हा ते त्यांच्या मागे लागलं, आणि केशवरावांना साऱ्या नोकरीत असा हाताखालचा माणूस मिळाला नव्हता. तेव्हापासून रोज सकाळी केशवराव फिरायला निघाले की दोन पावलं मागे मुकादम. मुलगी तुमसरला दिल्यापासून तर विमलाबाईंना घरात बोलायला मुकादमच उरला होता. केशवराव होते, पण ते ऐकून घेत नसत. मुकादम ऐकून घेई.

सौदा ठरला, कर्ज मंजूर झालं, गोमाजीने इसारपत्र करून दिलं. राहिला एकच कागद. सभासदत्व नावावर करायला संस्थेचा ना हरकत दाखला. केशवराव हसले. कागद म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

संस्थेचे सेक्रेटरी टेकचंद. शाळेत ड्रॉइंग मास्तर. केशवराव रविवारी सकाळी गेले तेव्हा मास्तरांनी स्वतः खुर्ची पुसली.

"या, या साहेब. गोमाजीनं सांगतलं मले, चांगली पार्टी येऊन राहिली म्हणून. आपलं नाव?"

"केशवराव टेंभुर्णे. कालवे विभागात हेडक्लार्क."

"हो का! आणि मूळ गाव?"

"एकोडी. साकोलीजवळ."

"एकोडीत आमची साळी राहते. कोण्या मोहल्ल्यात घर तुमचं?"

"विहार आहे ना, त्याले लागूनच."

टेकचंद मास्तर "अस्सं" म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुसलेलं फडकं हातात घेतलं, पाहिलं, पुन्हा ठेवलं. केशवरावांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, एकोडीत त्या मोहल्ल्यातल्या साऱ्यांनीच घेतली होती, हे मास्तरांना आता सांगायची गरज उरली नाही. मास्तर छताकडे पाहत होते, दाराकडे पाहत होते, आणि दाराकडे पाहता पाहता त्यांना उंबऱ्याबाहेर बसलेला मुकादम दिसला.

"हा कुत्रा तुमचा?"

"हो. आमचाच."

मास्तरांचा चेहरा असा खुलला की केशवरावांना वाटलं, माणूस प्राणिमित्र आहे.

"मग थोडीशी अडचण आहे, साहेब," मास्तर फार प्रेमाने म्हणाले. "कुत्र्याची."

आठ दिवसांत संस्थेचं पत्र आलं. 'आपणाकडे श्वान असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर श्वान परवानाधारक आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.' केशवरावांना पत्र फार आवडलं. 'किंवा कसे' हा प्रयोग त्यांना नेहमीच आवडे. ज्या माणसाला 'किंवा कसे' लिहिता येतं त्याच्याशी आपलं जमेल, असं ते विमलाबाईंना म्हणाले.

कुत्र्याला बिल्ला देणाऱ्या कचेरीत त्यांना तीनदा जावं लागलं. पहिल्यांदा कुत्र्याचं काम कोणाच्या टेबलावर आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा टेबल सापडलं पण बाबू जेवायला गेले होते. तिसऱ्यांदा बाबू भेटले. ते म्हणाले, आपल्या कारकिर्दीत कुत्र्याचा परवाना मागणारे तुम्ही पहिलेच. लोक कुत्रा पकडून न्या म्हणून अर्ज करतात, ठेवतो म्हणून कोणी करत नाही. मग त्यांनी कपाट उघडलं. कुत्र्यांचे बिल्ले संपले होते. सायकलींचे शिल्लक होते.

"चालते का?" बाबूंनी विचारलं.

"नंबर असला म्हणजे झालं," केशवराव म्हणाले.

रजिस्टरही सायकलींचंच होतं. त्यात 'वाहनाचा प्रकार' या रकान्यात 'कुत्रा, तांबडा' आणि 'घंटी आहे किंवा नाही' या रकान्यात, बाबूंनी बराच विचार करून, 'नाही' असं लिहिलं. मुकादमाच्या गळ्यात पितळी बिल्ला आला. त्यावर नंबर होता आणि नंबराखाली 'सायकल' असं कोरलेलं होतं.

दुसरं पत्र आलं. 'सदर श्वानास रेबीजप्रतिबंधक लस टोचलेली आहे किंवा कसे, व त्याची प्रकृती शांत आहे किंवा कसे.' जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लस टोचली, पण छापील दाखला बैलांचाच होता. त्यात मोकळ्या जागा भरायच्या. केशवरावांनी दाखला घरी आणून चष्मा लावून वाचून दाखवला, 'मुकादम नावाचे जनावर मी तपासले असून ते निरोगी, स्वभावाने गरीब व ओढकामास योग्य आहे.'

विमलाबाई म्हणाल्या, "ओढकामाले तुमीच तेवढे योग्य आहा. कुत्र्याचं नाव कायले घेता?"

हे केशवरावांना लागलं. पण त्यांनी दाखल्याची प्रत फाईलला लावली.

सल्ला द्यायला लोकांना काही कमी नव्हतं. बाबूलाल म्हणाला, कुत्ते को बछड़ा लिखा दो, गाय का बछड़ा तो कोई ना नहीं बोलेगा. कचेरीतले रेकॉर्डकीपर म्हणाले, धनीरामजींच्या नातवाच्या बारशाला चांदीची वाटी द्या. धनीरामजी म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, रिटायर्ड नायब तहसीलदार. आणि साहेबांचे स्टेनो, जे स्वतःला फार सुधारलेले समजत, ते केशवरावांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "घर मिळालं ना भाऊ, तर दारावर पूर्ण नाव नका लावू. नुसतं के. टी. लिवा. कायले उगाच?"

केशवराव म्हणाले, "काहून? माझं नाव काय खराब आहे?"

"खराब नाही हो. लंबं आहे."

केशवरावांनी घरी येऊन आपलं नाव कागदावर लिहून पाहिलं. लंबं होतं खरं. पण अध्यक्षांचं त्याहून लंबं होतं.

तिसरी हरकत भुंकण्याची. कुत्रा भुंकल्यास रहिवाशांच्या शांततेचा भंग होईल, तरी समितीने प्रत्यक्ष ऐकून अहवाल द्यावा, असं ठरलं. एका मंगळवारी संध्याकाळी धनीरामजी, टेकचंद मास्तर आणि तिसरे एक खजिनदार असे तिघे केशवरावांच्या भाड्याच्या घरी मुकादमाचं भुंकणं ऐकायला आले. तीन खुर्च्या मांडल्या. समोर मुकादम. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. समितीने एकदा भिंतीकडे पाहिलं आणि मग तासभर फक्त कुत्र्याकडे पाहिलं.

मुकादमाच्या समोर कुणी काम न करता बसलं की तो त्याच्याकडे बघत बसे, हे सांगितलंच आहे. तिघांना इतका वेळ रिकामं बसलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. तो एकदाही भुंकला नाही. धनीरामजींनी "हट्" करून पाहिलं. खजिनदारांनी चप्पल आपटली. मास्तरांनी, ड्रॉइंगचे असूनही, मांजराचा आवाज काढला. मुकादमाने तेवढी मान तिरकी केली.

विमलाबाई चहा घेऊन आल्या. नवे कप काढले होते, बशांवर गुलाबाची फुलं असलेले.

"माझा मंगळवार आहे," धनीरामजी म्हणाले.

"मले पित्त होते चायनं," खजिनदार म्हणाले.

"मी आत्ताच घेऊन आलो, बाई," मास्तर म्हणाले.

"मग लिंबाचं सरबत करू का? ते उपासाले चालते, पित्तालेही चालते."

"नको, नको. काही नको."

"पाणी तरी?"

धनीरामजींनी घड्याळ पाहिलं. तिघे एकदम उठले. तीन कपांवर साय धरली होती.

चौथ्या दिवशी अहवाल आला. 'समितीने समक्ष पाहणी केली असता सदर श्वान एकदाही भुंकला नाही. तो संशयास्पदरीत्या शांत असल्याचे समितीचे मत झाले.'

केशवराव दोनदा वाचून म्हणाले, "आता भुंकत नाही याचा दाखला आणा लागते का भुंकते याचा?"

विमलाबाई ते तीन कप घासत होत्या. चार दिवस त्यांनी ते तसेच ठेवले होते. त्या म्हणाल्या, "अवो, तुमाले एवढंही समजत नाही का? कुत्र्याचं नाव घेऊन ते तुमचं नाव घेऊन राहिले."

"तसं नाही. मास्तर चांगला माणूस आहे. त्यानं खुर्ची पुसली माझ्यासाठी."

"आधी पुसली का नंतर?"

केशवरावांना आठवत होतं. पण असं काही असतं तर पत्रात लिहिलं असतं, असं ते स्वतःला म्हणाले. कागदावर नाही ते खरं मानायची त्यांना सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर, इच्छाही नव्हती. त्यांनी एकोडी सोडलं ते हे सारं तिकडेच राहिलं असं मानून. इस्त्रीचा सदरा, हेडक्लार्कची खुर्ची, साहेबांची न वाचता केलेली सही, एवढं सारं मध्ये उभं केल्यावर पुन्हा मागे वळून पाहायचं, म्हणजे ती बावीस वर्षं रद्द करून पुन्हा पहिल्या पानापासून लिहायची. त्यापेक्षा कुत्रा सोपा होता.

चौथं पत्र आलं ते विहिरीबद्दल. 'संस्थेची विहीर सार्वजनिक असून सदर श्वानाच्या वावराने पाणी दूषित होण्याची भीती सभासद भगिनींनी व्यक्त केली आहे.'

इकडे बाबूलालने मांडवाला बांबू आणून टाकले. केशवरावांच्या दारासमोरच. कचेरीत जाताना त्यांना बांबू ओलांडून जावं लागे.

त्या रविवारी केशवरावांनी ठरवलं. मुकादमाला एकोडीला चुलतभावाकडे, इश्वरकडे, ठेवायचं.

विमलाबाई भांडल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याले पाठवून तुमचं काम होणार असन तर पाठवा. पण मी येत नाही सोडाले."

एस.टी.च्या कंडक्टरने कुत्रा घ्यायला नकार दिला. केशवरावांनी बैलाचा दाखला दाखवला, त्याने जास्तच नकार दिला. बिल्ला पाहून म्हणाला, सायकल असन तर टपावर टाका. शेवटी धानाची पोती नेणाऱ्या एका ट्रकमध्ये मागे दोघे बसून गेले. मुकादमाला फिरायला जायचंय असंच वाटलं होतं. साऱ्या रस्ताभर तो केशवरावांच्या पायाला टेकून, तोंड वाऱ्यावर धरून, भाताच्या रोवणीसाठी नांगरून ठेवलेल्या शेतांतल्या बांध्या तपासत बसला होता. इश्वरने बैलाची साखळी त्याच्या गळ्यात घातली. नऊ वर्षांत त्याला कधी बांधलं नव्हतं. त्याने साखळीकडे पाहिलं, मग केशवरावांकडे पाहिलं, आणि तेव्हा मात्र भुंकला. केशवराव सडकेपर्यंत मागे न बघता चालत गेले. दोन पावलं मागे कोणी नव्हतं, आणि त्यांना सारखं वाटत होतं की कोणी तरी मागे राहिलं आहे, थांबायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं. वकिलाने सवयीने लिहिलं, 'मुकादम नावाच्या कुत्र्याशी माझा यापुढे कोणत्याही प्रकारचा संबंध राहणार नाही व पूर्वीही नव्हता.' केशवराव 'पूर्वीही नव्हता' या शब्दांवर थांबले.

"हे खोटं आहे, वकीलसाहेब."

"खोटं नाही हो, मजबूत आहे," वकील म्हणाले. "करा सही."

केशवरावांनी सही केली. सुरेख आली, नेहमीसारखी.

संस्थेची सभा गुरुवारी सकाळी धनीरामजींच्या ओसरीवर भरली. कार्यकारिणीचे पाच जण, आणि आतल्या दाराशी धनीरामजींच्या पत्नी शकुनबाई, भाजी निवडत. केशवराव इस्त्रीचे कपडे घालून, फाईल काखेत घेऊन गेले. बसायला सतरंजी होती, तिच्या कडेला त्यांच्यासाठी वेगळी लोखंडी खुर्ची मांडली होती. त्यांना तो मान वाटला. तरीही त्यांनी क्षणभर खुर्चीकडे जरा जास्त पाहिलं.

मग फाईल उघडून एकेक कागद दिला. परवाना. लस. स्वभाव. अहवालावरचा खुलासा. आणि शेवटी प्रतिज्ञापत्र.

"कुत्रा गेला," ते म्हणाले. "एकोडीले देऊन टाकला. आता घरात मी आणि माझी बायको. आता कायची हरकत राहिली नाही."

कागद पाच जणांच्या हातून फिरून टेकचंद मास्तरांकडे आला. मास्तरांनी तो उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. तिथेही काही नव्हतं. आतल्या दाराशी शकुनबाई पालेभाजीच्या काड्या मोडत होत्या.

"म्हणजे कुत्रा खरंच गेला?" खजिनदारांनी विचारलं. त्यांच्या आवाजात जवळचं माणूस गेल्यासारखं दुःख होतं.

"गेला."

धनीरामजींनी खाकरून घसा साफ केला. "कुत्र्याचं झालं, टेंभुर्णे. पण विहिरीचा प्रश्न राहतेच."

"कुत्रा नाही तर विहिरीवर कोण जाणार आहे?"

मास्तर पायाच्या अंगठ्याने सतरंजीचा दोरा ओढत होते. उत्तर आलं ते आतल्या दारातून. शकुनबाई मान वर न करता म्हणाल्या, "जाणार कोण? बाई जाईन ना तुमची."

केशवराव शकुनबाईंकडे पाहत राहिले. त्या भाजी निवडतच होत्या. रागाने बोलल्या नव्हत्या. जे सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकट्या या माणसाला ठाऊक नव्हतं, ते त्यांनी सांगून टाकलं होतं, दूध उतू चाललंय म्हणून सांगावं तसं.

"आमचं म्हणणं एवढंच," धनीरामजी घाईने म्हणाले, "का तुमी आपल्या हद्दीत एक हातपंप टाकून घ्यावा. तुमचीच सोय. बाकी आमच्या मनात काही नाही."

केशवरावांना वाटलं होतं, असं काही कधी कानावर आलंच तर आपण ओरडू, फाईल फेकू, रडूही कदाचित. तसं काही झालं नाही. त्यांना फक्त मुकादम आठवला, साखळीकडे पाहणारा. आणि मग बावीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी पेन काढलं, टोपण काढलं, आणि ते टेकचंद मास्तरांच्या पुढ्यात धरलं.

"लिवा," ते म्हणाले.

"काय लिवू?"

"बाई बोलल्या ते. आणि अध्यक्ष बोलले ते. टेंभुर्ण्यांनी सार्वजनिक विहिरीवर येऊ नये, आपल्या हद्दीत हातपंप टाकावा. ठराव म्हणून लिवा, खाली पाच सह्या करा, आणि एक प्रत मले द्या. मी हरकत घेत नाही. कागद घेऊन जातो."

मास्तरांनी धनीरामजींकडे पाहिलं. धनीरामजी नायब तहसीलदार होते, असल्या एका वाक्याला कायद्यात काय शिक्षा आहे हे त्यांना पाठ होतं.

"असं लेखी नसते लिवत, टेंभुर्णे. ही आपसातली गोष्ट आहे."

"आपसातली असती तर तुमी माझ्या घरी पाणी पेलं असतं," केशवराव म्हणाले. "लिवा. मी बसतो. मले आज रजा आहे."

आणि ते बसले. लोखंडी खुर्ची ओढून सतरंजीच्या मधोमध आणून बसले. हातात उघडं पेन तसंच पुढे धरलेलं. अर्धा तास झाला. एक जण काम आठवून उठून गेला. खजिनदारांना पित्त झालं. शाई वाळली तशी केशवरावांनी पेन झटकलं, दोन थेंब सतरंजीवर पडले. बारा वाजता टेकचंद मास्तरांनी त्यांच्याच पेनाने ना हरकत दाखला लिहिला. बिनशर्त. त्यात कुत्र्याचं नाव नव्हतं, विहिरीचंही नव्हतं. 'किंवा कसे' तर नव्हतंच.

केशवराव दाखला घेऊन घरी आले तो विमलाबाईंच्या पायात चपला होत्या.

"कुठं निघाली?"

"एकोडीले," त्या म्हणाल्या. "झालं ना तुमचं काम?"

मुकादम गोठ्यामागे पडला होता. साखळीने गळ्याभोवतीची कातडी सोलून निघाली होती. इश्वर म्हणाला, सडकेवरून मोटार गेली का उठे, साखळी संपेपर्यंत धावे, आपटे, पुन्हा उठे. मागच्या पायाला लागलं ते तसंच. खायचं नाव नाही. "मी तर म्हणत होतो, मरते आता," इश्वर म्हणाला. विमलाबाईंनी साखळी काढली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने शेपटी हलवली, दोनदा. केशवराव खाली वाकून "मुकादम" म्हणाले तेव्हा त्याने त्यांच्या हाताचा वास घेतला, आणि तोंड विमलाबाईंच्या पदरात घातलं.

पुढच्या आठवड्यात ते सुखनिवासात राहायला गेले. दारावर पाटी लागली, पूर्ण नावाची, जरा मोठ्याच अक्षरात. पहिल्या सकाळी विमलाबाई घागर घेऊन विहिरीवर गेल्या. चार बाया होत्या. चौघींना एकदम घरची कामं आठवली.

दोन महिन्यांत सुखनिवासात पहिला हातपंप लागला, धनीरामजींच्या अंगणात. मग मास्तरांच्या. मग ज्याची ऐपत नव्हती त्यानेही शेजाऱ्याशी भागीत. वर्ष सरता सरता तेराही घरांची पाण्याची सोय विहिरीवाचून झाली. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. दिसले तर सगळे नमस्कार करत. फक्त ती दगडी बांधणीची, बारमाही पाण्याची विहीर एकट्या टेंभुर्ण्यांची झाली, ठराव नाही, सही नाही.

आणि हातपंपांचं पाणी निघालं लोखंडाचं. उपसलं तेव्हा नितळ, बादलीत तासभर ठेवलं की तांबडं. त्या पाण्यात चहा काळा होई, डाळ शिजत नसे, भात पिवळा पडे. पांढऱ्या कपड्यांचे हाल विचारू नका. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर झेंड्याला सलामी देताना सुखनिवासातली सारी मंडळी एका रांगेत उभी होती, सदरे, धोतरं, टोप्या, सगळं एकसारखं पिवळट, जणू वाळत घातलेली हळद. त्यांच्या शेवटी केशवराव, दुधासारख्या पांढऱ्या सदऱ्यात, मध्ये हातभर जागा सोडून. कचेरीतले स्टेनो म्हणाले, "भाऊ, कोणती नीळ वापरता?"

केशवराव हसले. त्यांनी हे घरी सांगितलं तेव्हा विमलाबाईही हसल्या. लोकांनी तांबडं पाणी पत्करलं, ही गोष्ट हसण्यासारखी होतीच. पण हसून झाल्यावर विमलाबाई म्हणाल्या, "एवढं पाणी आहे त्या विहिरीत. साऱ्याले पुरलं असतं."

मुकादमाचा गळा भरला, केस परत आले नाहीत. मागचा पाय जरा ओढत चाले. तो विमलाबाईंच्या मागे विहिरीवर जाई, रांधणीघराच्या दाराशी बसे, त्यांचं सारं ऐकून घेई. केशवराव सकाळी फिरायला निघताना दारात थांबून "चल रे" म्हणत. तो डोकं वर करून बघे आणि पुन्हा पंजांवर ठेवून देई. केशवराव पुलापर्यंत एकटे जाऊन येत.

एका संध्याकाळी विमलाबाई मुलीकडे तुमसरला गेल्या होत्या. केशवरावांनी स्वतः विहिरीचं पाणी काढलं, मुकादमाच्या अॅल्युमिनियमच्या ताटलीत ओतलं, आणि लिंबाखाली त्याच्या जवळ उकिडवे बसले. मुकादम उठला. रागाने नाही, घाईने नाही. पाय ओढत चार हात पलीकडे गेला आणि कुंपणाला टेकून बसला. केशवरावांनी आजूबाजूला पाहिलं. तेरा घरांच्या अंगणांत हातपंपांचे दांडे वर-खाली होत होते.

त्यांनी ताटली उचलून त्याच्यापुढे नेऊन ठेवली. तो त्यांच्याकडे बघत राहिला, पाण्याकडे नाही. मग केशवराव उठले, घरात गेले, आणि दाराच्या आड उभे राहिले. थोड्या वेळाने बाहेर पाणी पिण्याचा आवाज आला.